तेऱ्याच्या भाजीत आंबट ‘ऐच्छिक’ नसतं

गेल्या पावसात गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात मावशीकडे गेलो होतो, तिथे टीव्हीच्या बाजूला एक जाडजूड पुस्तक दिसलं. मावसभावाला रिटायर होताना ऑफिसातल्या लोकांनी दिलेलं. गोव्याचा इतिहास, खाणं, झाडंपेडं, सण, माणसं सगळं एकाच पुस्तकात, इंग्रजीत, चकचकीत कागद, आणि वजन एवढं की मांडीवर घेऊन बसलं तर पाय बधीर होतात. फोटो मात्र खरंच सुंदर, ते नाकारत नाही. मावशी चौऱ्याहत्तर वर्षांची, मराठी पेपर रोज पहिल्या पानापासून श्रद्धांजलीच्या जाहिरातींपर्यंत वाचते, इंग्रजी येत नाही. म्हणाली, एवढं आणलंय तर वाचून दाखव काय लिहिलंय ते. मी पावसाळी रानभाज्यांचं प्रकरण उघडलं आणि जमेल तसं मराठीत सांगत गेलो. तेऱ्याच्या भाजीपाशी आलो. पानं अशी चिरा, खोबरं एवढं, लसूण एवढी, आणि शेवटी चिंच किंवा सोलं, ऐच्छिक.

‘ऐच्छिक म्हणजे?’

म्हटलं, घातलं तर घातलं, नाहीतर नाही.

ती एवढी हसली की ठसका लागला. ‘आंबसाण घालिनासतना तेरें रांदतले? गळो खाजतलो रे तांचो!’ म्हणजे, आंबट न घालता तेरें रांधणार? घसा खाजेल त्यांचा.

ज्यांना तेरें माहीत नाही त्यांच्यासाठी, हे रानातलं अळू, पहिल्या पावसात बांधाबांधावर उगवतं. अळवाच्या सगळ्या खानदानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशात टोचतात म्हणून खवखव होते. आमच्याकडे आंबाडे, सोलं, चिंच काहीतरी आंबट घातल्याशिवाय ही पानं चुलीवर चढतच नाहीत. चवीसाठी नाही, घसा वाचवण्यासाठी. हे सत्तरीतल्या कुठल्याही बाईला माहीत आहे, आणि नेमक्या त्याच बायकांना ते पुस्तक वाचता येत नाही. म्हणजे चूक पकडू शकणारी सगळी माणसं पुस्तकाच्या बाहेर उभी. आणि ज्यांना वाचता येतं, मुंबई-दिल्ली-लंडनचे, ते तेरें खाणार नाहीत, त्यामुळे त्यांना चूक कधी कळणारच नाही. पुस्तकाच्या पाच आवृत्त्या निघाल्या तरी आंबट ऐच्छिकच राहणार.

तेव्हापासून हा विचार डोक्यातून जात नाही. आपण भाषेबद्दल बोलताना नेहमी अस्मिता, अभिमान, मातृभाषा असलं काहीतरी बोलतो. मला त्यापेक्षा साधी गोष्ट म्हणायची आहे. एखाद्या मुलखाबद्दलचं पुस्तक त्या मुलखातल्या माणसांना वाचता येत नसेल तर त्यातल्या चुका दुरुस्त व्हायचा रस्ताच बंद होतो. युनिव्हर्सिटीतला तज्ज्ञ तारखा तपासेल, स्पेलिंग तपासेल, पण भाजीत आंबट कधी घालायचं, बांध कुठल्या महिन्यात बांधायचा, बायकांचे धालो नाच कुठल्या रात्री सुरू होतात हे तपासणारे लोक गावातच बसलेले असतात. मुलखाच्या पुस्तकाचे खरे प्रूफरीडर तेच.

आणि हे काही आजचं नाही. हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला हे आपण दर भाषणात सांगतो, छाती फुगवून. त्याच गोव्यात १५६३ साली गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं गेलं, पोर्तुगीजमध्ये. छपाईच्या चुका इतक्या की शुद्धिपत्रालाच पानंच्या पानं लागली. पण ते शुद्धिपत्र अक्षरांच्या चुकांचं! ज्या इथल्या वैद्यांकडून, बाजारातल्या लोकांकडून ऑर्ताने माहिती घेतली त्यांच्यातल्या एकानेही ते पुस्तक वाचून ‘बाबा रे, हे असं नाही’ म्हटलं असेल का? कसं म्हणणार. (पुढे इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, मेलेल्या ऑर्ताची हाडं उकरून जाळली, १५८० मध्ये, म्हणजे लेखकाचंही काही बरं झालं नाही.)

त्याहून मजेशीर गोष्ट होर्तुस मलाबारिकुसची. ती केरळची आहे पण तिच्यात गोव्याची माणसं आहेत. डचांनी कोचीला बसून मलबारच्या सातशेवर वनस्पतींचा ग्रंथ केला, लॅटिनमध्ये, १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला बारा खंड छापले. त्या कामात इट्टी अच्युतन नावाचे मल्याळी वैद्य होते आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्यही होते, गोव्यातून परागंदा झालेल्या समाजातले. त्या तिघांनी १६७५ मध्ये नागरी लिपीत लिहून दिलं की आम्ही ही माहिती दिली आणि ती बरोबर आहे, आणि ते त्या ग्रंथात छापलेलं सुद्धा आहे. म्हणजे सही घेतली, ग्रंथ मात्र लॅटिनमध्ये! मल्याळी माणसाला तो मल्याळममध्ये वाचायला मिळाला २००८ साली, के. एस. मणिलाल या वनस्पतीशास्त्रज्ञांनी अख्खं आयुष्य घालवलं म्हणून. सव्वातीनशे वर्षं. तोवर आजोबाची सही केलेलं पुस्तक नातवंडांना वाचता येत नव्हतं.

याच्या उलट फादर स्टीफन्स. इंग्रज माणूस, १५७९ मध्ये गोव्यात आला, ओव्या लिहायला शिकला, आणि क्रिस्तपुराण मराठीत लिहिलं, १६१६ मध्ये रायतूरला रोमन अक्षरांत छापलं. हेतू धर्मप्रसाराचा होता, त्यात लपवण्यासारखं काही नाही आणि मला त्याचं कौतुकही करायचं नाही. पण बघा काय झालं. सतराव्या शतकात त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या आणि आज त्या तिन्हींची एकही छापील प्रत सापडत नाही. १६८४ मध्ये तर इथल्या भाषेवरच बंदीचा हुकूम निघाला. तरीही क्रिस्तपुराण आपल्या हातात आहे, कारण मंगळूरकडे गेलेल्या ख्रिश्चन घरांतून लोक ते वहीत उतरवून घेत होते, गात होते. १९०७ ला मंगळूरला परत छापलं ते त्या हस्तलिखितांवरून. छापखान्यातलं गेलं आणि वाचणाऱ्यांच्या घरातलं राहिलं.

आता आजच्या पुस्तकांकडे या. पणजीच्या कुठल्याही चांगल्या दुकानात ‘गोवा’ असं लिहिलेल्या शेल्फपाशी उभं राहा. जुनी घरं, फेणी, चर्चेस, किनारे, पाककृती, पक्षी. बहुतेक सगळा गोवा जुन्या काबिजादीतला, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेला, तिसवाडी, बारदेस, सासष्टी. पेडणे, डिचोली, सत्तरी, सांगे, केपे, काणकोण हा नव्या काबिजादीतला अर्ध्याहून जास्त गोवा बॅकग्राउंडला, धबधब्याच्या फोटोत. राज्यच केवढं, ३७०२ चौरस किलोमीटर, त्यातही आपण मागचं अंगण विसरतो. कुशावतीच्या काठावर उसगाळीमळला कातळावर प्रागैतिहासिक माणसांनी कोरलेले बैल आणि चक्रव्यूह आहेत, म्हादईचं खोरं आहे, १८५२ ला दीपाजी राण्यांनी पोर्तुगीजांना सळो की पळो करून सोडलं ती सत्तरी आहे. या भागात पुस्तक वाचणारा माणूस कुठल्या भाषेत वाचतो? बोलतो कोकणी, आपली-आपली कोकणी, पण वाचतो मराठी. गोवा मुक्त झाल्यावर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या, माझी मावशी त्यातल्याच एका शाळेत चौथीपर्यंत शिकली. देवळातली पोथी मराठी, भजन मराठी, जत्रेतलं नाटक मराठी, पेपर मराठी. म्हणून त्या भागावरचं पुस्तक मराठीत हवं.

थांबा, लगेच झेंडे काढू नका. मला माहीत आहे गोव्यात मराठी म्हटलं की समोरचा माणूस आधी बघतो, मराठी-कोकणी वादात हा कुठल्या बाजूचा. मी माझ्या घरात कोकणी बोलतो आणि हा लेख मराठीत लिहितोय, तुमच्यापैकी निम्म्यांचं असंच असणार, आणि आपल्याला त्यात काही विचित्र वाटत नाही, बाहेरच्यांनाच वाटतं. १९८७ च्या राजभाषा कायद्याने काय दिलं आणि काय नाही दिलं हा वाद इथे उकरत नाही. माझं मोजमाप वेगळं आहे. ज्या विषयातली चूक ज्या माणसाला कळते, त्या माणसाची वाचायची भाषा ती पुस्तकाची भाषा. हा नियम लावला तर सत्तरीच्या रानभाज्यांचं पुस्तक मराठीत येईल आणि सासष्टीतल्या खाजन शेतीचं पुस्तक रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोकणीत येईल. हो, रोमीत. आता मराठीवाले पण रागावतील आणि नागरी कोकणीवाले पण, बरं झालं, एकदाचे दोघं एका बाजूला येतील.

खाजनाचं उदाहरण मुद्दाम घेतलं कारण तिथे हा प्रकार फारच उघड दिसतो. खारं पाणी अडवून केलेली ही शेती, बांध चिखलाचे, आणि बांधात लाकडी दारांचा मानस. भरती आली की पाण्याच्या दाबाने दारं आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात आणि आतलं जादा पाणी बाहेर जातं. शेकडो वर्षांची अक्कल आहे, वीज नाही, मोटर नाही. पुस्तकांत हे सगळं येतं, मानसाचा संध्याकाळचा फोटो येतो, खारं पाणी सोसणारा कोरगुट तांदूळ येतो. जे येत नाही ते भांडण. मानसापाशी मासे आणि सुंगटं, म्हणजे कोळंबी, मिळतात, ती पकडायच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते, आणि ज्याने पैसे मोजून पावणी घेतली त्याला खारं पाणी जास्त वेळ आत हवं असतं, मासळी जास्त म्हणून. शेतकऱ्याला ते नको असतं, भात मरतं. एक बांध, दोन पोटं. कित्येक ठिकाणी खाजन पडीक का राहिलं हे समजायला आधी हे भांडण समजावं लागतं, आणि ते त्या गावातला माणूस पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. पुस्तकात मात्र ‘निसर्गाशी एकरूप झालेली प्राचीन व्यवस्था’. वाचणाऱ्याला छान वाटतं, विकायला सोपं. गावातल्या माणसाने वाचलं असतं तर म्हणाला असता, एकरूप काय, आमची कोर्टात केस चालू आहे.

मी इंग्रजीच्या विरोधात नाही हां. गावकरीवर, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीच्या व्यवस्थेवर, आपल्या कोमुनिदादच्या मुळांवर, इतिहासकार दामोदर कोसंबींनी इंग्रजीत जे लिहिलंय तसं डोकं लावून लिहिणारा आपल्याकडे दुसरा सहज सापडणार नाही, आणि ते तर कोसबेंत जन्मलेले. इंग्रजीमुळे जगात वाचलं जातं, रिसर्चला पैसे मिळतात, ते हवंच. पण इंग्रजीत आलं म्हणजे काम झालं असं समजणं चूक आहे.

आणि आता आपल्या घरातलं बोलतो, नाहीतर हा लेख नुसता इंग्रजीवर खापर फोडणारा होईल. मराठीत गोव्यावर जे छापलं जातं ते तरी काय असतं? पुण्या-मुंबईचा लेखक येतो, चार दिवस राहतो, मंगेशी-शांतादुर्गा करतो, मासे खातो, आणि लिहितो की गोंयकार सुशेगाद, म्हणजे निवांत. पहाटे दोनला उठून पीठ मळणारा, पाचला सायकलला पोंपों वाजवत दारोदार उंडे, म्हणजे पाव, टाकणारा पोदेर, तो सुशेगाद? माडी काढायला माडावर दिवसातून दोन-तीनदा चढणारा रेंदेर सुशेगाद? हा शब्दच पोर्तुगीज, आणि आपण तो स्वतःच्या कपाळावर चिकटवून फिरतोय. बरं, आपले गोव्यातले मराठी लेखक काय करतात, तर देवळांवर लिहितात. देवळांवर खूप लिहिलंय, कुलदैवतांची यादी तर प्रत्येक पुस्तकात. पण ख्रिश्चन गोव्यावर लिहायची वेळ आली की एकतर इन्क्विझिशन, नाहीतर कार्निव्हल, मधलं काहीच नाही. मधे तर माणसं राहतात. पोदेर, रेंदेर, खलाशी, तियात्र म्हणजे कोकणी नाटकं करणारे. त्यांच्यावर मराठीत लिहिलं तर त्यांना वाचता येणार नाही, म्हणजे माझा नियम उलटून मराठीलाही लागू होतो, आणि लागलाच पाहिजे. सासष्टीवर मराठीत लिहिणाऱ्याने आधी सासष्टीतल्या माणसाला ते वाचून दाखवावं.

शिवाय आपली पुस्तकं मिळत नाहीत, ही वेगळीच रड. बा. द. सातोसकरांनी गोमंतकाच्या प्रकृती आणि संस्कृतीवर खंड लिहिले, पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दप्तरं उपसून मराठ्यांचा इतिहास काढला, अ. का. प्रियोळकरांनी छापखान्यापासून इन्क्विझिशनपर्यंत कशालाच हात लावायचा ठेवला नाही. यातलं एखादं विकत घ्यायला गेलात तर दुकानदार तुमच्याकडे बघतो जणू तुम्ही पोर्तुगीज काळातली नाणी मागताय. मग पणजीला सेंट्रल लायब्ररीत जा. ती लायब्ररी १८३२ सालची, आता पाटोला मोठी इमारत आहे, चांगली आहे. पण सत्तरीतल्या किंवा काणकोणातल्या माणसाने दोन बस बदलून त्यासाठी पणजीला यायचं? आणि समजा आला, पुस्तक हातात आलं, तरी शेवटी सूची नसते. मराठी पुस्तकाला सूची लावणं म्हणजे लेखकाचा अपमान असल्यासारखं प्रकाशक वागतात. माझ्या गावाचं नाव कुठल्या पानावर आहे हे शोधायला मी सहाशे पानं का वाचू? गावातला माणूस सर्वात आधी आपलं गावच शोधतो, तिथेच त्याला चूक सापडते.

कोणी म्हणेल एवढं काय अडलंय, एक भाजी, एक मानस. अडतं. २०२० मध्ये मोलेंच्या जंगलातून रेल्वेचा दुसरा ट्रॅक, हायवेचं रुंदीकरण आणि वीजवाहिनी न्यायची यावरून गोवाभर आंदोलन झालं तेव्हा सगळी चर्चा कशावर चालली होती, तर अहवालांवर. जंगलात काय आहे, कुठला प्राणी आहे, कुठलं झाड, किती. ते अहवाल इंग्रजी. धारबांदोड्याच्या, सांग्याच्या ज्या माणसाने आयुष्य त्या रानात काढलं तो त्या अहवालातली चूक सांगू शकला असता, पण त्याच्यापर्यंत व्हॉट्सॲपवरची दोन वाक्यं पोचली. त्याच वर्षी केंद्राने पर्यावरण आघाताच्या नव्या नियमांचा मसुदा काढला, तो दिल्ली हायकोर्टाने आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या २२ भाषांत करा म्हणून सांगितलं. कारण सरळ आहे, लोकांकडून हरकती मागवायच्या तर लोकांना आधी वाचता यायला हवं. मुलखावरच्या पुस्तकांना हेच लागू होत नाही का? उद्या कोर्टात, ग्रामसभेत, कमिटीपुढे जेव्हा विचारतात की इथे परंपरेने काय होतं, तेव्हा वकील पुस्तक काढून दाखवतो, मावशीला कोणी बोलवत नाही. पुस्तकात ऐच्छिक लिहिलं असेल तर ते ऐच्छिक होतं.

मग करायचं काय. मला मोठमोठ्या योजना सुचत नाहीत आणि सुचल्या तरी त्यांचं काय होतं ते आपण बघतोच. पण सरकारी पैशाने, अनुदानाने, खरेदीच्या प्रतींवर जी पुस्तकं निघतात त्यांना एक अट घालता येईल. छापायच्या आधी, ज्या गावांवर प्रकरण आहे तिथे ते गावाच्या वाचायच्या भाषेत वाचून दाखवा. देवळाच्या चौकात, चर्चच्या हॉलमध्ये, पंचायतीत, कुठेही. आपल्याकडे पोथी अशीच ऐकतात ना, एक वाचतो, बाकीचे मधेमधे बोलतात. दोन संध्याकाळी पुरेत. लेखकाला घाम फुटेल ते सोडा. माझा एक मित्र म्हणाला, अशाने एकही पुस्तक छापून होणार नाही, गावात दहा जण अकरा गोष्टी सांगतात. सांगू देत की! अकराही छापा. पेडण्यात खतखतें एका पद्धतीने होतं आणि काणकोणात दुसऱ्या, हे लिहायला कागद कमी पडतो का? ‘गोवन क्युझिन’ नावाची एकच एक गोष्ट आहे हे खरं तर बाहेरच्या वाचकाच्या सोयीसाठी ठरवलेलं.

आणि विकायचं कुठे, तर जत्रेत. मॉलमध्ये नाही. जत्रेला खाज्याच्या दुकानाशेजारी, खेळण्यांच्या बाजूला एक टेबल. शंभर-दीडशे रुपयांचं, पातळ, एका तालुक्याचं, एका विषयाचं. डिचोलीतल्या जत्रेत डिचोलीवरचं पुस्तक. कॉफी टेबल बुकाची किंमत दोन-तीन हजार असते आणि आमच्याकडे कॉफी टेबल पण नसतं, चहा पडवीत पितात.

मावशीच्या त्या रानभाज्यांच्या प्रकरणाचं मी मराठी करून आणलं होतं, कॉम्प्युटरवर टाइप करून, बारा पानं. तिने शेजारच्या दोघींना बोलावलं, पेन्सिल घेतली. तेऱ्याला आंबट परत आलं. टायकिळ्याला एकीने बियांची भाजी जोडली, दुसरी म्हणाली आमच्यात करत नाहीत, त्यावर अर्धा तास गेला. अळम्यांच्या, म्हणजे रानातल्या अळंब्यांच्या, पानावर तिघींचं एकमत, की हे लिहिणाऱ्याने अळमी फक्त ताटात बघितली आहेत. बारा पानांच्या समासात जागा उरली नाही म्हणून मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. मी ते एका प्रकाशकाला दाखवलं तर म्हणाला छान आहे, लोकल मार्केट नाही. बघू. झेरॉक्स काढून शंभर प्रती करायचा खर्च मी विचारून आलोय, चतुर्थीच्या आधी होईल. मावशीचं म्हणणं एवढंच की अक्षर पेपरपेक्षा मोठं ठेव, आणि वर प्लास्टिक लाव, चुलीपाशी तेलाचे हात लागतात.